आशिकी की १९४२? कराओकेला एकच सिनेमा बसवायचा असेल तर

आमच्या नाशिकच्या कराओके ग्रुपमध्ये नवीन कोणी आलं की दोन-तीन रविवार किशोर-रफी गाऊन झाल्यावर हमखास विचारतं, नव्वदच्या दशकातलं काय बसवू? मी सगळ्यांना सांगतो की सुटी सुटी गाणी उचलू नका, एक सिनेमा धरा आणि त्याचीच चार-पाच गाणी नीट बसवा, कारण एकाच संगीतकाराची गाणी लागोपाठ गायली की गळ्याला ते वळण लागतं आणि श्वास कुठे घ्यायचा ते आपोआप कळायला लागतं. समोरचा कुमार सानूवाला असेल तर बोलणं फिरून फिरून दोनच नावांवर येतं, १९९० चा 'आशिकी' आणि १९९४ चा '१९४२ अ लव्ह स्टोरी'. 'साजन' आहे, 'दीवाना' आहे, मान्य, पण मी स्वतः या दोघांतच अडकलो होतो आणि जवळजवळ वर्षभर दोन्हींची गाणी गाऊन बघितली, त्यामुळे जे अनुभवलं तेवढंच सांगतो.

या दोन सिनेमांचं एक नातं आहे ते मला फार आवडतं. सानूदांना फिल्मफेअर लागोपाठ ५ वर्षं मिळालं, त्यातलं पहिलं 'अब तेरे बिन'साठी आणि पाचवं 'एक लडकी को देखा'साठी. म्हणजे त्या सुवर्णकाळाची ही दोन टोकं. कधीतरी रात्री हेडफोन लावून ही दोन गाणी पाठोपाठ ऐका. पहिल्यात आवाज पुढे येऊन गातो, नाकातला तो गोडवा, दुखावलेपणा, सगळं उघड्यावर. दुसऱ्यात तोच आवाज कोणीतरी हलकेच हात धरून मागे थांबवलाय असं वाटतं. थांबवणारे अर्थात '१९४२'चे संगीतकार पंचमदा, म्हणजे राहुल देव बर्मन.

आधी आशिकी. या सिनेमाची गाणी आधी झाली आणि सिनेमा नंतर उभा राहिला, टी-सिरीजच्या गुलशनकुमारांकडे संगीतकार नदीम-श्रवणची गाणी तयार होती आणि दिग्दर्शक महेश भट्ट यांनी त्यावर कथा बांधली, हे बहुतेकांना ठाऊक असेल. मला वाटतं गाताना ते जाणवतं. कुठलंच गाणं प्रसंगावर टेकून उभं नाही, सिनेमा न पाहिलेल्या माणसालाही ते पूर्ण भिडतं. मी तेव्हा दहावीत होतो. आमच्या गावच्या स्टँडवरच्या रसवंतीत ती कॅसेट दिवसभर चालायची, एक बाजू संपली की तो मुलगा चरकाचं हँडल सोडून, हात पुसून कॅसेट उलटी करायचा, आणि तेवढ्या वेळात रस पिणारे लोक गप्प बसून पुढचं गाणं सुरू व्हायची वाट बघायचे. आज हॉलमध्ये 'धीरे धीरे से'चं सुरुवातीचं म्युझिक वाजलं की पन्नाशीच्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर मला तीच वाट बघणं दिसतं. तुम्ही तोंड उघडायच्या आधीच अर्धी बाजी मारलेली असते.

दुसरी गोष्ट ठेक्याची. नदीम-श्रवणचा तो ढोलक-तबल्याचा ठेका मुखड्यापासून शेवटपर्यंत सोबत असतो, नवशिक्याला त्याचा फार आधार वाटतो, शब्द चुकला, एखादी ओळ राहिली तरी ठेका तुम्हाला उचलून पुढच्या समेवर आणून सोडतो. मी पहिल्यांदा स्टेजवर गायलो ते 'अब तेरे बिन', पाय थरथरत होते, पण त्या ठेक्याने मला पार नेलं. त्यामुळे आशिकीबद्दल वाकडं बोलणं माझ्या जिवावर येतं, त्याच गाण्यांनी मला गायला लावलंय.

आणि अनुराधाताई पौडवाल! त्यांची मराठी भावगीतं ऐकत आपण मोठे झालो, त्यामुळे 'नजर के सामने' ऐकताना घरातलंच कोणीतरी गातंय असं वाटतं. त्या वर्षीचं गायिकेचं फिल्मफेअर त्यांना याच गाण्यासाठी मिळालं.

आता जिथे माझं घोडं अडलं ते सांगतो. आशिकीची लोकांना हवी असलेली गाणी बघा, 'नजर के सामने', 'धीरे धीरे से', 'जाने जिगर जानेमन', 'तू मेरी जिंदगी है', 'मैं दुनिया भुला दूंगा', सगळी युगलगीतं. 'मेरा दिल तेरे लिए' पण तसंच, फक्त तिथे उदित नारायण. सोलो म्हणून 'अब तेरे बिन', 'दिल का आलम', 'सांसों की जरूरत है जैसे' आणि 'बस एक सनम चाहिए' एवढीच हाताशी राहतात. चांगलीच आहेत, पण फर्माईश येते ती ड्युएटची. आणि कराओकेवर ड्युएट म्हटलं की स्केलचं, म्हणजे पट्टीचं, भांडण आलंच. ट्रॅक एक, स्केल एक, गळे दोन. सानूदा आणि अनुराधाताईंना जमलेलं स्केल तुमच्या-माझ्यासारख्या दोघांना एकाच वेळी जमेल हे नशिबावर आहे.

गेल्या वर्षी कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर मी आणि आमच्या इमारतीतल्या एक वहिनी मिळून 'नजर के सामने' गाणार होतो. वहिनींचा आवाज खरंच गोड आहे, लहानपणी शिकलेल्या आहेत. ओरिजिनल स्केलला त्यांचं सुरेख बसत होतं, माझा मात्र वरच्या सुराला आवाज फाटायचा, फाटला नाही तर मी ओरडतोय असं वाटायचं. मोबाइलवर ट्रॅकची पट्टी दोनने खाली घेतली. आता माझं मस्त झालं, पण वहिनींचा आवाज खाली जाऊन हवेत विरायला लागला, माइक अगदी ओठाला लावला तरी मागच्या रांगेत काही पोचेना. मग एकने वर घेतली. आता माझा वरचा सूर जेमतेम लागायचा, त्यांचा खालचा सूर जेमतेम ऐकू यायचा, आणि दोघंही गाण्यात नसून स्केल सांभाळण्यात गुंतलेले. पेटी काढून बसलो, मला सा म्हणून काळी एक पट्टी सोयीची, त्यांना काळी चार, मधे कुठे भेटायचं? सहा संध्याकाळी गेल्या. शेवटी एका ठिकाणाहून पैसे भरून तयार ट्रॅक मागवला तर त्यात मधला म्युझिक पीसच कापलेला, माझा अंतरा संपल्यावर वहिनींनी श्वास घ्यायच्या आत त्यांची ओळ स्क्रीनवर रंगायला लागायची. कोजागिरीला गायलो, लोकांनी टाळ्या वाजवल्या, दूध पिताना एकजण येऊन छान झालं असंही म्हणाले. पण वहिनींचा चेहरा उतरलेला मी बघितला होता. त्यांची चूक काहीच नव्हती, माझीही नव्हती, आणि तरी गाणं बिघडलं होतं. ते मला फार लागलं.

त्यानंतर महिनाभर मी आशिकीचा फोल्डर उघडलाच नाही, आणि १९४२ कडे वळलो ते तेव्हा.

इथे गणितच वेगळं आहे. 'रिमझिम रिमझिम' हे युगलगीत सोडलं तर बसवण्यासारखी जवळपास सगळी गाणी सोलो. 'एक लडकी को देखा', 'कुछ ना कहो', 'रूठ ना जाना' ही सानूदांची, 'प्यार हुआ चुपके से' कविता कृष्णमूर्तींचं, 'ये सफर' शिवाजी चट्टोपाध्याय यांचं. तुम्ही तुमच्या काळी एकला गा, ती तिच्या काळी चारला गाऊ दे, कोणी कोणाच्या गळ्यासाठी तडजोड करायची नाही. वाचायला ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण दर रविवारी गाणाऱ्याला याचं मोल कळेल.

आता 'एक लडकी को देखा' जरा जवळून बघू, कारण बहुतेक जण त्याला घाबरतात. जावेद अख्तर यांनी त्यात एकामागून एक उपमाच दिल्यात, तीन अंतरे, प्रत्येकात सात, म्हणजे २१. लोकांना वाटतं एवढं पाठ कसं राहणार, पण शब्द तर स्क्रीनवर असतात, खरा प्रश्न श्वासाचा, आणि तिथे पंचमदांनी गाणाऱ्याची किती काळजी घेतलीय बघा. पहिल्या सहा उपमा चिमुकल्या आहेत, दोन-तीन शब्दांच्या, प्रत्येकीनंतर टिचकीएवढी जागा आहे, तिथे नाकाने हलका श्वास घेता येतो. सातवी लांब असते, पहिल्या अंतऱ्यात ती मंदिरातल्या दिव्याची, आणि तिथून न थांबता परत मुखड्यावर यायचं असतं. म्हणजे सहावी संपताना पोटभर श्वास भरून ठेवला की झालं. मी पहिला महिना सातवीला दर वेळी अडकायचो कारण मी आधीच्या सहा उपमा जोर लावून गायचो. जोर काढला, नुसतं बोलल्यासारखं गायलं, आणि दिवा न विझता मुखड्यापर्यंत पोचला. या गाण्याला जोर चालतच नाही. आशिकी गाऊन आलेल्या माणसाला हे सोडायला वेळ लागतो, मला दोन-अडीच महिने लागले.

'कुछ ना कहो'चं पण तसंच. याची पहिली चाल दिग्दर्शक विधू विनोद चोप्रांना पसंत पडली नव्हती आणि पंचमदांनी वेळ मागून घेऊन ही नवी केली, हे चोप्रांनीच सांगितलंय. मागची सात-आठ वर्षं ज्या माणसाकडे काम कमी होत गेलेलं त्याने इतकी शांत चाल द्यावी, आणि ४ जानेवारी १९९४ ला जावं, सिनेमा आला जुलैमध्ये. त्या वर्षीचं संगीताचं फिल्मफेअर त्यांच्या माघारी दिलं गेलं. हे सगळं माहीत असताना मी ते गाणं कधीच सहज म्हणून गाऊ शकत नाही, दर वेळी मुखड्याआधी जरा थांबतो.

१९४२ च्या अडचणी नाहीत असं नाही. ठेका हलका आहे, बऱ्याच ठिकाणी मोकळी जागा आहे, तिथे एंट्री चुकली तर लपायला काही नाही, सगळ्यांना ऐकू येतं. अगदी नवखा माणूस असेल तर पहिली दोन-तीन गाणी आशिकीचीच घ्यावीत असं मला अजूनही वाटतं, ठेक्याचा हात धरून चालायला शिकायचं आणि मग हात सोडायचा. शिवाय हळदीला, लग्नाच्या आदल्या रात्री, जिथे लोक गप्पा मारत खात-पीत असतात तिथे 'कुछ ना कहो' हवेत विरून जातं, तिथे 'जाने जिगर'च पाहिजे. 'ये सफर' तर आमच्या ग्रुपमध्ये अर्ध्या लोकांना आठवतही नव्हतं, गाऊन दाखवलं तेव्हा दोघांनी नाव लिहून घेतलं. आणि ट्रॅक उतरवताना नीट ऐकून घ्या, 'कुछ ना कहो' लताबाईंनी पण गायलंय, ते दुःखाचं आहे, मी घाईत तोच ट्रॅक घेऊन स्टेजवर गेलो होतो, सुरुवात वाजल्यावर कळलं, साउंडवाल्याला थांबवावं लागलं.

नवरा-बायको मिळून गाणारी जोडी असेल आणि दोघांचा गळा एका स्केलला जमत असेल तर मात्र माझं ऐकू नका, सरळ आशिकी घ्या. आमच्या ग्रुपमध्ये अशी एक जोडी आहे, 'धीरे धीरे से' सुरू करतात आणि तेवढा वेळ आम्ही सगळे पुन्हा दहावीतले होतो. ते सुख १९४२ मध्ये 'रिमझिम रिमझिम' या एकाच गाण्यात मिळतं. ज्या बायकांना एकटीने गायचंय त्यांच्यासाठी 'बस एक सनम चाहिए'चं अनुराधाताईंच्या आवाजातलं रूप वेगळं आहे, ते मिळवा, फार लोक ते गात नाहीत.

पण एकट्याने गाणारा माणूस असाल, साधारण माझ्यासारखा मधल्या पट्टीतला गळा असेल, घरी रोज अर्धा तास मिळत असेल, तर मी १९४२ म्हणेन. 'रूठ ना जाना'पासून सुरुवात करा, ते खेळकर आहे, गळा मोकळा होतो, मग 'कुछ ना कहो', आणि 'एक लडकी को देखा' शेवटी. पहिल्या दिवसापासून स्वतःचं स्केल ठरवून घ्या आणि ट्रॅकवर नाव टाकून ठेवा, माझ्या फोनमध्ये 'रूठ ना, दोन खाली' असं लिहिलेलं आहे.

यंदाच्या कोजागिरीची यादी परवा झाली. आठव्या नंबरला वहिनींचं 'प्यार हुआ चुपके से', त्यांच्या काळी चारला. नवव्या नंबरला मी.