अ‍ॅडजस्टमेंट लेअर की स्मार्ट फिल्टर? मूळ फोटो दोन्हीकडे शाबूत, मग अडतं कुठे

फोटोशॉपच्या इमेज मेन्यूतून थेट कर्व्ज (उजेड-कॉन्ट्रास्ट बदलणारी वक्ररेषा) लावून, म्हणजे मूळ पिक्सेलच बदलून, फाइल सेव्ह करणारे आता फारसे उरलेले नाहीत. जे उरले असतील त्यांच्यासाठी हा लेख नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. फोटोशॉपमध्ये मूळ पिक्सेलना धक्का न लावता रंग आणि उजेड बदलायचे दोन रुळलेले रस्ते आहेत. एक म्हणजे फोटोवर कर्व्ज, लेव्हल्स, ह्यू-सॅच्युरेशन असे अ‍ॅडजस्टमेंट लेअर, म्हणजे खालच्या फोटोचं फक्त दिसणं बदलणारे थर, रचत जायचे. दुसरा म्हणजे फोटोचा स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ फोटो आत जपून ठेवणारा डबा) करायचा, त्यावर कॅमेरा रॉ हा फिल्टर मागाहून बदलता येणारा स्मार्ट फिल्टर म्हणून लावायचा आणि सगळे स्लायडर एकाच खिडकीत फिरवायचे. दोन्हींना नॉन-डिस्ट्रक्टिव्ह म्हणतात आणि दोन्ही तसे आहेतही. पण तेवढ्यावर निवड होत नाही. फोटो हातावेगळा झाल्यावर काही दिवसांनी ‘चेहरा जरा उजळ करून द्याल का?’ असा निरोप येतो, आणि कुठली पद्धत किती पाण्यात आहे ते तेव्हा कळतं.

मी दोन्ही पद्धती भरपूर वापरल्या आहेत. माझा कल कुठे आहे ते लपवणार नाही, पण तुमच्या कामाचा प्रकार वेगळा असेल तर तुमचं उत्तरही वेगळं येऊ शकेल.

वयाने अ‍ॅडजस्टमेंट लेअर थोरले. ते १९९६ साली फोटोशॉप ४.० मध्ये आले. स्मार्ट ऑब्जेक्ट २००५ च्या सीएस२ आवृत्तीत, त्यावर चढणारे स्मार्ट फिल्टर २००७ च्या सीएस३ मध्ये, आणि कॅमेरा रॉ हा फिल्टर म्हणून मिळू लागला २०१३ मध्ये. त्यामुळे जुने रिटचर लेअरच्या मनोऱ्याशी सलगीने वागतात, आणि रॉ डेव्हलपरपासून, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची (रॉ) फाइल उघडणाऱ्या सॉफ्टवेअरपासून, सुरुवात केलेल्यांना स्लायडरची खिडकी जवळची वाटते. यात कोणी मागासलेलं नाही.

स्मार्ट फिल्टरची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत मुळीच नाही. एका खिडकीत एक्स्पोजर, हायलाइट, शॅडो, टेक्स्चर, क्लॅरिटी, डीहेझ, नॉइज रिडक्शन सगळं हाताशी असतं. हेच परिणाम साध्या अ‍ॅडजस्टमेंट लेअरने गाठायला गेलात तर काही ठिकाणी वाटच सापडत नाही. कर्व्ज किंवा लेव्हल्स प्रत्येक पिक्सेलची किंमत सुटी बघून बदलतात, शेजारी काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. सावलीतला तपशील वर काढताना मात्र शेजारचा भाग बघावाच लागतो. शॅडोज/हायलाइट्स ही कमांड अ‍ॅडजस्टमेंट लेअरच्या यादीत दिसत नाही त्याचं कारण हेच. ती मेन्यूतूनच द्यावी लागते, आणि परत बदलता यायला हवी असेल तर आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करावा लागतो. उलट्या उजेडात काढलेले फोटो तुमच्याकडे जास्त येत असतील तर हा मुद्दा वजनदार आहे.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. फिल्टरची खिडकी रॉ फाइलच्या खिडकीसारखी दिसते म्हणून रॉमधली सगळी ताकद तिच्यात असते, असं नाही. व्हाइट बॅलन्सचा स्लायडर बघा. रॉ फाइल उघडली की तिथे केल्विनचे (रंग-तापमानाचे) आकडे असतात, फिल्टर म्हणून उघडलं की उणे १०० ते अधिक १००. म्हणजे समोर शिजलेले पिक्सेल आहेत, सेन्सरचा डेटा नाही. अति उजेडाने जळालेले ढग तिथून परत येणार नाहीत. तो फायदा हवा असेल तर रॉ फाइल स्वतःच स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून आत आणावी लागते. मग थंबनेलवर डबल-क्लिक केलं की खरा कॅमेरा रॉ उघडतो, केल्विनसकट. ही सोय मला आजही आवडते.

आता ज्या एका गोष्टीने माझा निकाल लावला ती सांगतो.

पोर्ट्रेट आहे असं धरा. गालावर दोन-तीन डाग आणि कपाळावर सुटलेली एक बट काढायची आहे. स्मार्ट ऑब्जेक्टवर ब्रश चालत नाही, फोटोशॉप लगेच रास्टराइज (साध्या पिक्सेलचा लेअर) करायचं का म्हणून विचारतं. मग आपण काय करतो? वर एक कोरा लेअर घेतो, हीलिंग ब्रशला (शेजारची त्वचा वापरून डाग झाकणाऱ्या टूलला) खालच्या लेअरचाही नमुना घ्यायला सांगतो आणि डाग त्या कोऱ्या लेअरवर झाकतो. काम सुरेख होतं. पण हा लेअर फिल्टरच्या वर बसलेला असतो. त्यात उतरलेले पिक्सेल फिल्टर लागल्यानंतरचे असतात, आणि ते तिथेच गोठतात.

आकड्यांत बघू. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा धरला तर गालाची मूळ किंमत १२०. फिल्टरने ती १५० केली. हीलिंगने उचललं ते १५०. मग निरोप येतो, चेहरा अजून उजळ हवा. तुम्ही फिल्टर उघडून एक्स्पोजर वाढवता, गाल १६५ वर जातो. डागांवरचे तुकडे मात्र १५० वरच राहतात. स्क्रीनवर दिसतं काय, तर उजळ गालावर करड्या रंगाची ठिगळं, जिथे जिथे ब्रश फिरला होता नेमकी तिथे. आता सगळं हीलिंग पुन्हा करा. ‘कधीही बदलता येईल’ या भरवशावर फिल्टर लावलेला असतो, आणि बदलायची वेळ आली की तोच बदल आधी केलेल्या कामावर पाणी फिरवतो. मला याचा फार वैताग येतो.

पळवाट आहे. स्मार्ट ऑब्जेक्टवर डबल-क्लिक करून आतली फाइल वेगळ्या टॅबमध्ये उघडायची, तिथे रिटचिंग करायचं, सेव्ह करून परत यायचं. पण आत तुम्हाला फिल्टर न लागलेला, फिका फोटो दिसतो. त्यात कोणता डाग पुढे उठून दिसणार आहे याचा अंदाज बांधायचा, बाहेर येऊन बघायचं, राहिलेल्यासाठी पुन्हा आत जायचं. चेहऱ्याच्या कडेवरच्या केसांसारख्या नाजूक कामात ही ये-जा नकोशी होते. आणि आत रॉ फाइल असेल तर हीसुद्धा वाट बंद, कारण डबल-क्लिकने कॅमेरा रॉ उघडतो आणि तिथे रंगवायला लेअर नसतो. सगळं एकत्र निवडून त्याचा आणखी एक स्मार्ट ऑब्जेक्ट करता येतो, हे खरं. पण डब्यात डबा झाला की सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्या माणसाला, म्हणजे बहुधा मलाच, कुठे काय आहे ते शोधत बसावं लागतं.

अ‍ॅडजस्टमेंट लेअरच्या रचनेत ही अडचण मुळात उद्भवत नाही. सर्वांत खाली फोटो, त्यावर हीलिंगचा लेअर, आणि रंग-उजेडाचं जे काही असेल ते त्याच्याही वर. हीलिंगचे तुकडे १२० चेच राहतात आणि गालही १२०. वरचा कर्व्ह दोघांना मिळून १५० करतो, उद्या दोघांना १६५ करेल. निरोप कितीही वेळा येऊ दे, कर्व्हचा एक बिंदू सरकवला की झालं.

या पद्धतीतही एक खड्डा आहे. हीलिंगचा लेअर कर्व्हच्या खाली आहे आणि टूलचं सॅम्पल ‘ऑल लेअर्स’वर राहिलंय असं झालं, तर क्लोन स्टॅम्प (एका जागचे पिक्सेल दुसरीकडे उमटवणारं टूल) कर्व्ह लागलेले १५० उचलतो, खाली टाकतो आणि त्यावर तोच कर्व्ह दुसऱ्यांदा लागतो. तुकडा भगभगीत दिसतो. उपाय मात्र एका क्लिकचा आहे. सॅम्पल ‘करंट अँड बिलो’वर ठेवायचं, किंवा त्याच्या शेजारचं अ‍ॅडजस्टमेंट लेअरकडे दुर्लक्ष करायला सांगणारं छोटं बटण दाबायचं. एकदा लावलं की सेटिंग टिकतं. ही चूक ब्रशच्या पहिल्याच फटक्याला दिसते, स्मार्ट फिल्टरची ठिगळं काम संपल्यावर दिसतात. माझ्यासाठी हा फरक मोठा आहे.

मास्कचंही, म्हणजे बदल फोटोच्या कुठल्या भागात दिसावा हे ठरवणाऱ्या झाकणाचंही, थोडं बोलायला हवं. एका स्मार्ट ऑब्जेक्टवर कितीही फिल्टर लावा, सगळ्यांना मिळून मास्क एकच. ब्लेंड मोड (खालच्या चित्रात मिसळायची रीत) आणि ओपॅसिटी प्रत्येक फिल्टरला वेगळी देता येते, मास्क नाही. आकाशाला डीहेझ हवा आणि डोळ्यांना शार्पनिंग, तर फिल्टर मास्क कामाचा राहत नाही. कॅमेरा रॉच्या आत स्वतःचे मास्क आहेत आणि ते चांगले आहेत, पण ते बदलायला दर वेळी खिडकी उघडावी लागते, आणि त्या खिडकीत तो एकच लेअर दिसतो. वर मजकूर असो, दुसऱ्या फोटोतून कापून आणलेली व्यक्ती असो, खिडकी उघडी असेपर्यंत ते सगळं गायब. पार्श्वभूमीचा रंग पुढच्या माणसाशी जुळवायचा असेल तर हे डोळ्यांवर पट्टी बांधून केल्यासारखं होतं. अ‍ॅडजस्टमेंट लेअरचं पॅनेल बाजूला उघडं राहतं आणि अख्खं चित्र समोर असतं. शिवाय प्रत्येक लेअरला आपापला मास्क, आणि कर्व्जचा लेअर ‘ल्युमिनॉसिटी’ या फक्त उजेड बदलणाऱ्या ब्लेंड मोडवर टाकला की कॉन्ट्रास्ट वाढवताना त्वचेचा रंग भडक होत नाही.

लेअरची संख्या वाढली की फाइल फुगते अशी भीती बऱ्याच जणांना असते. ती बहुतेक पिक्सेलच्या लेअरची डुप्लिकेट काढण्यावरून आलेली. अ‍ॅडजस्टमेंट लेअरमध्ये फक्त सेटिंग आणि मास्क असतो. रिकामा पांढरा मास्क जवळजवळ काहीच जागा घेत नाही. स्मार्ट ऑब्जेक्ट मात्र सहसा आपल्या मूळ फोटोची पूर्ण प्रत पोटात घेऊन फिरतो. मोठ्या फोटोचे असे तीन-चार झाले की फोटोशॉपच्या नेहमीच्या पीएसडी फाइलची २ जीबीची मर्यादा आठवू लागते आणि मोठ्या फायलींसाठीच्या पीएसबी फॉरमॅटकडे वळावं लागतं.

लेअर रचणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. मूळ फोटो सुरक्षित आहे म्हणून निकालही सुरक्षित असतो असं नाही. ८ बिटच्या फाइलला प्रत्येक चॅनेलमध्ये २५६ च पायऱ्या असतात. त्यावर एक कर्व्ह ताणणारा, दुसरा दाबणारा, तिसरा पुन्हा ताणणारा असे लेअर चढवले की निरभ्र आकाशात पट्टे दिसू लागतात. सुरुवातच १६ बिटमध्ये करा. फोटोशॉप तिथे ३२,७६९ पायऱ्या वापरतं, ओढाताण सहज पचते. आणि एकमेकांना खोडणारे दोन कर्व्ह दिसले तर दोन्ही काढून एक नीट बसवा.

फोटोशॉपबाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र थोडं बदलतं. अ‍ॅफिनिटीत क्लॅरिटी किंवा अनशार्प मास्कसारखे फिल्टरही लाइव्ह फिल्टर म्हणून लेअरच्या रांगेत बसतात, त्यामुळे इथला अर्धा वाद तिथे शिल्लकच राहत नाही. क्रिटात फिल्टर लेअर आहेत. गिंपमध्ये २०२५ च्या ३.० आवृत्तीपासून फिल्टर मागाहून बदलता येतात, पण ते लेअरला चिकटलेले असतात. ठेवण स्मार्ट फिल्टरच्या घराण्यातली, म्हणून निवडताना वरचं हीलिंगचं गणित तिथेही तपासून बघा.

निसर्गदृश्यं, वास्तू, प्रवासातले फोटो, जिथे ब्रश क्वचितच उचलावा लागतो, तिथे स्मार्ट फिल्टरने काम लवकर उरकतं हे मी मोकळेपणाने मान्य करतो. लोकांचे चेहरे, उत्पादनांचे फोटो, दोन-तीन फोटो जोडून केलेलं काम यासाठी मला लेअरच बरे वाटतात. रॉचा फायदा सोडवत नाही म्हणून मी खाली रॉचा स्मार्ट ऑब्जेक्ट ठेवतो. व्हाइट बॅलन्स, नॉइज आणि हायलाइट तिथे एकदाच बसवतो. त्यावर हीलिंग, आणि बाकी सगळं अ‍ॅडजस्टमेंट लेअरमध्ये. हीलिंगचा पहिला ठिपका पडला की खालचा रॉ उघडायचा नाही एवढा नियम. माझ्या फायलींमध्ये त्या रॉ लेअरला लाल लेबल असतं आणि त्याचं नाव ‘कुलूप’.