ग्रामीण बँकेचा अधिकारी की राष्ट्रीयीकृत बँकेत पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर)?

कोल्हापुरातल्या अभ्यासिकांतली बरीच पोरं दोन्ही फॉर्म भरतात. भराच. पण दोन्हीकडे निवड झाली तर काय, हे आधी ठरवलेलं बरं.

परीक्षेतला मोठा फरक म्हणजे ग्रामीणच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजी नाही, पीओला आहे. पगाराची श्रेणी जवळपास एकच, त्यामुळे तिथं अडू नका.

खरी गोम बदलीत आहे. पीओ झालात की पाटणा निघो वा कोइमतूर, बॅग भरायची. ग्रामीणमध्ये राज्य सुटत नाही. पण म्हणून ‘घराजवळची नोकरी’ समजू नका, भावांनो! १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या, मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. गडहिंग्लजच्या पोराला गडचिरोलीही लागू शकते.

कामाचं म्हणाल तर ग्रामीण शाखेत माणसं कमी. सकाळी पीककर्जासाठी सातबारा नि आठ-अ तपासायचा, दुपारी बचत गटाच्या बायकांची खाती बघायची, मध्येच नेट गेलं की रांगेची बोलणी खायची, आणि संध्याकाळी थकबाकीदाराच्या दारात. ऊस गेला, बिल आलं नाही, हे उत्तर पाठ होतं. माणसं ओळखायची आवड असेल तर मजा आहे.

परकीय चलन, मोठ्या उद्योगांची कर्जं शिकायची तर पीओच व्हा. शिवाय ग्रामीण बँकेचा अध्यक्ष प्रायोजक बँकेतून, म्हणजे तिच्या पाठीशी असलेल्या मोठ्या बँकेतून येतो. वरची खुर्ची डोळ्यांसमोर असणाऱ्याला हे खुपणारच. घरची शेती, थकलेले आईवडील असतील, तर मी ग्रामीणच घेईन.