नव्या टीव्हीवर आधी माणसाचा चेहरा बघा

मी कोल्हापुरात फोटोच्या कलर लॅबमध्ये प्रिंटिंग करायचे. लग्नाच्या अल्बममध्ये हळदीची नवरी पिवळी दिसायलाच हवी, पण तिच्या शेजारची करवली पिवळी दिसता कामा नये. त्यासाठी यलोचा एक पॉइंट वर, मॅजेन्टाचा एक खाली, असं दिवसभर चालायचं. आमचा नवा टीव्हीही मी त्याच नजरेनं तपासलाय. ५५ इंची, फोर-के, व्हीए पॅनेलचा (हा पडद्याचा एक प्रकार) साधा एलईडी, चाळीस हजारांच्या आतला. या किमतीत बरेचसे टीव्ही याच घडणीचे मिळतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बसवायला आलेल्या मुलानं तो 'व्हिव्हिड' मोडवर टाकला. "वहिनी, बघा की, कसला भारी दिसतोय!" बातम्या लागल्या होत्या. निवेदिकेचे गाल लालभडक आणि तिच्या शेजारच्या पाहुण्याचा पांढरा सदरा निळीत बुचकळल्यासारखा. दुकानाच्या झगझगाटात शेजारच्या टीव्हींपेक्षा उठून दिसावं म्हणून हा मोड असतो, घरात त्याचा उपयोग नाही. पहिल्यांदा चालू करताना टीव्ही 'होम' की 'स्टोअर' असं विचारतो, तिथं 'होम'च निवडा.

मी 'सिनेमा' मोड लावला. तुमच्या टीव्हीत फिल्ममेकर मोड असेल तर तो घ्या. स्टुडिओ आणि टीव्ही कंपन्यांच्या यूएचडी अलायन्सनं २०१९ मध्ये तो आणला, आणि दिग्दर्शकानं पाहिलं तसंच चित्र घरी दिसावं हा त्याचा हेतू आहे. रंगाचं तापमान 'वॉर्म' केलं की घरातले सगळे ओरडतात, "पिवळं झालं!" थांबा. चित्रपट आणि कार्यक्रमांचे रंग ठरवताना पांढरा ६५०० केल्विनच्या आसपासचा धरलेला असतो, व्हिव्हिडमधला पांढरा त्याहून कितीतरी निळा. डोळा त्या निळ्याला सरावलेला असतो. दोन-तीन संध्याकाळी तसंच चालू ठेवलं, तर व्हिव्हिडकडे परत जाववत नाही.

आता माझी आवडती परीक्षा. जुना कृष्णधवल सिनेमा लावा. त्यात रंग नाहीच, म्हणजे जो रंग दिसेल तो टीव्हीनं घातलेला. आमच्या टीव्हीत उजळ भाग स्वच्छ होते. पण सावलीत, केसांत, काळ्या कोटाच्या घड्यांत हिरवट झाक होती. लॅबमध्ये हिरव्यावर उतारा मॅजेन्टाचा. इथं व्हाइट बॅलन्समध्ये 'ग्रीन ऑफसेट' थोडा उतरवला, की झालं तेच. गडद भागासाठी ऑफसेट आणि उजळ भागासाठी गेन, एवढं ध्यानात ठेवलं तर हा मेन्यू अवघड नाही. मात्र माझे आकडे किंवा इतर कोणाचेही आकडे जसेच्या तसे घालू नका. एकाच मॉडेलच्या दोन पॅनेलांतही फरक असतो.

शार्पनेस मी शून्यावर आणला. बातम्यांच्या पट्टीतली अक्षरं जवळून बघा: कडेला पांढरी रेघ उमटत असेल तर ती शार्पनेसनं घातलेली आहे. ब्राइटनेस आणि बॅकलाइट एक नव्हे. खोलीतल्या उजेडाप्रमाणे कमीजास्त करायचा तो बॅकलाइट. ब्राइटनेसनं काळ्याची पातळी ठरते. सिनेमाच्या वरखालच्या काळ्या पट्ट्या राखाडी होईपर्यंत वाढवा, मग पुन्हा काळ्या होतील इतकाच उतरवा. वीजबचतीचा मोड बंद केला, कारण तो काळोखी प्रसंगात बॅकलाइट आपल्या मनानं हलवत होता. 'मोशन स्मूदिंग'सुद्धा बंद. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, मधल्या चौकटी टीव्ही स्वतः रचून घालतो आणि मग कसलेला नटसुद्धा मालिकेच्या सेटवर उभा असल्यासारखा दिसतो.

सेट-टॉप बॉक्सकडे मात्र फार जण बघतच नाहीत. साध्या एसडी चॅनेलचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. ते ३८४० बाय २१६० वर ताणलं की चेहरा मेणासारखा होणार. त्यात टीव्हीचा दोष नाही. एचडी चॅनेल घ्या, बॉक्स एचडीएमआय केबलनं जोडा, आणि क्रिकेटच्या धावफलकाची कड कापली जात असेल तर 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' चालू करा.

एवढं केल्यावर काय हाती लागलं? समोर बसून बघाल तर फार चांगलं चित्र. काळा रंग खोल, आणि त्वचेचे रंग असे, की सावळी मुलगी सावळीच दिसते, तिला कोणी गोरी करत नाही. माझ्यासाठी हीच सर्वांत मोठी गोष्ट आहे. बाजूनं मात्र काळा फिका पडतो. सासूबाईंची खुर्ची खिडकीकडे असते, तिथून सगळं धुतल्यासारखं दिसायचं. खुर्ची समोर आणली. व्हीए पॅनेलचा हा स्वभावच आहे. कडेकडेनं बसणारी माणसं जास्त असतील तर आयपीएस पॅनेल बघा, काळा थोडा राखाडी चालवून घ्यावा लागेल.

खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेल्या एचडीआरवर, म्हणजे उजळ भाग जास्त उजळ आणि गडद भाग जास्त गडद दाखवण्याच्या सोयीवर, मी पैसे मोजले नसते. असे कार्यक्रम बहुधा हजार निट्स (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड धरून बनवतात, आणि या वर्गातले टीव्ही त्याच्या जवळपासही जात नाहीत. दिव्यांची लखलख दबते. शिवाय डॉल्बी व्हिजन, हा एचडीआरचाच एक प्रकार, सुरू झालं की चित्राचे मोड वेगळे होतात, तिथं सगळं पुन्हा लावावं लागतं.

खरी तक्रार एकच. कॅमेरा चेंडूमागे हिरव्या मैदानावरून सरकतो तेव्हा पडद्याच्या उजव्या भागात एक उभा मळकट पट्टा दिसतो. सेटिंगनं तो जात नाही, तो पॅनेलमध्येच आहे. आमचा अगदी पुसट आहे म्हणून ठेवून घेतला. तुमचा ठळक तर नाही ना, हे कळायला बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत एखादा सामना दिवसाउजेडी बघून घ्या, आणि रात्री दिवे घालवून कोऱ्या काळ्या पडद्याचे कोपरे उजळ दिसत नाहीत ना, तेही बघा.