‘टाकी कधी भरतच नाही’ म्हणणाऱ्या ठेकेदारापासून सावध

दरपत्रकात एकच ओळ होती: ‘सेप्टिक टाकी व शोषखड्डा, पूर्ण काम, ८५,००० रुपये.’ लांबी-रुंदी नाही, तळाचा उल्लेख नाही, जागा कुठली तेही नाही. मुंबईत राहून कोकणात घर बांधणाऱ्या बहुतेकांच्या हातात असलाच कागद असतो, म्हणून हे लिहितो आहे.

आमची जागा उताराची. मागच्या गडग्यापलीकडे, खालच्या अंगाला शेजारच्या काकींची विहीर. तीन घरं तिच्यावर पाणी भरतात. म्हणून टाकीची आखणी पुढे रस्त्याच्या बाजूला केली, विहिरीपासून सत्तर फुटांवर. आखणीची चुन्याची फक्की आमच्यासमोर मारली. ‘इथे वरच कातळ आहे, ब्रेकर लावायला लागेल, ते धरूनच दर दिलाय,’ हे ठेकेदाराचेच शब्द.

पुढचं काम फोनवर. खड्ड्याचा फोटो, तळाच्या सळयांचा, काँक्रीटचा, मधल्या भिंतीचा. फोटो आला की हप्ता गेला. वास्तुशांतीला गेलो तेव्हा पुढे झाकण होतं, वासाचा पाइपही उभा होता. ‘वीस वर्षं उपसायला नको, आमची टाकी कधी भरतच नाही,’ असं पाहुण्यांनाही ऐकवून झालं.

जुलैत काकींच्या विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला आणि त्यांच्या नातवाला जुलाब सुरू झाले. आरोग्यसेविकेने तपासणीच्या बाटलीत पाणी भरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी बाटली काळी. पाण्यात मैल्याचे जंतू असल्याची ती खूण.

आम्ही पुढचं झाकण उचललं. खाली डबर भरलेला हातभर खड्डा, पाइप त्यात नुसता रोवलेला! संडासाचा चेंबर उघडून बादलीभर पाणी ओतलं, तर ते मागच्या बाजूला वळलं. मागे मातीखाली लादी सापडली, तिच्याखाली कोरड्या रचलेल्या चिऱ्यांचा खड्डा. गिलावा नाही, तळ नाही, मधली भिंत नाही. विहिरीपासून अंतर टेपने मोजलं, जेमतेम तीस फूट. मागे माती मऊ, जेसीबीने काम झटपट झालं असणार; ब्रेकरचे आणि सिमेंटचे पैसे त्याच्या खिशात. मग ते फोटो पुन्हा पाहिले. काँक्रीटच्या मागे पोफळीची रांग. आमच्या आवारात काजू आणि एक रातांबा. पोफळ औषधालाही नाही.

जाब विचारला तर म्हणाला, ‘जांभा पाणी गाळून घेतो, इकडे सगळ्यांचं असंच आहे.’ यातलं दुसरं वाक्य दुर्दैवाने बरंच खरं असावं. पहिलं थाप आहे. जांभ्यात भोकं आणि भेगा असतात, पावसात पाणी त्यातून न गाळता धावतं आणि खालच्या चिकण थराला लागलं की झऱ्याच्या वाटेने विहिरीत उतरतं. आयएस २४७० या भारतीय मानकात शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर, म्हणजे साधारण साठ फूट, दूर सांगितला आहे. भेगांच्या खडकात शोषखड्डा करूच नये असंही त्यात आहे, कारण तिथे घाण लांबवर जाऊ शकते. आणि चांगली सेप्टिक टाकी एकदा भरली की बाहेर जाणाऱ्या पाइपच्या पातळीपर्यंत कायम भरलेलीच असते, जास्तीचं पाणी तेवढं पुढे जातं. जी भरत नाही ती गळते.

पोलिसांनी दिवाणी बाब म्हणून हात झटकले. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची.

नवीन टाकी पुढे, कातळ फोडूनच केली. या वेळी कागदावर मापं, तळाची जाडी आणि शेजारच्यांच्या धरून सगळ्या विहिरींपासूनचं अंतर लिहून घेतलं. लादी टाकण्याआधी टाकी पाण्याने भरली, भिंतीवर खिळ्याने रेघ मारली, दुसऱ्या दिवशी पाणी रेघेवर दिसलं तेव्हाच पुढचा हप्ता दिला. फोटो मागायचेच असतील तर फोनवर चालू व्हिडिओ मागा, ज्यात घर, खड्डा आणि विहीर एका फेरीत दिसेल.

काकींची विहीर उपसून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलं. पिण्याचं पाणी त्या अजून दुसरीकडून आणतात. मे महिन्यातला नमुना चांगला आला, पण त्यावर आमचा भरवसा नाही. झरे जोरात असतात तेव्हा, जुलै-ऑगस्टमध्ये, पुन्हा तपासणार आहोत.