एसटीपीच्या पाण्याला टाकी कुठली, आरसीसी की प्लास्टिक?
बाणेरच्या आमच्या सोसायटीत एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाचं, पाणी बागेला आणि फ्लशला वापरायचं ठरलं, पण साठवायचं कशात, इथे सेक्रेटरी काका अडले.

खर्च आधी बघू. प्लास्टिकची 5000 लिटरची टाकी ओट्यावर बसवली की काम झालं. पण 50,000 लिटरला अशा दहा लागतात आणि प्रत्येक जोड ही गळायची जागा. आरसीसीत, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटमध्ये, तेवढं पाणी 5 बाय 5 मीटरच्या, 2 मीटर खोल एकाच टाकीत मावतं. फक्त खोदताना काळा पाषाण लागला की खडक फोडणाऱ्या ब्रेकरचं बिल वाढतं.

टिकण्याचं म्हणाल तर आरसीसीला जपावं लागतं. पाणी साचून कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. त्याच वायूचं पुढे आम्ल होऊन पाण्याच्या पातळीच्या वरचं काँक्रीट खातं. स्लॅबला खालून बोट घासलं की पांढरा भुगा हाताला येतो. म्हणून काँक्रीट किमान एम30 (ताकदीचा दर्जा), आतून इपॉक्सीचा लेप आणि वायू बाहेर जायला व्हेंट पाइप हवाच. प्लास्टिकला हे दुखणं नाही, पण पुरलेली रिकामी टाकी पावसाळ्यात जमिनीतल्या पाण्याने वर उचलली जाते.

वीस-पंचवीस फ्लॅट आणि छोटी बाग असेल तर प्लास्टिकच घ्या. आमच्यासारख्या मोठ्या सोसायटीने आरसीसी बांधावी, आणि बाहेरून माती भरण्याआधी टाकीत पाणी भरून 7 दिवस गळती तपासावी.