एडिसन की जर्सी सिटी: सरकारी शाळा आणि परिसराची सुरक्षितता

नोकरीनिमित्त न्यू जर्सीत येणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांपुढे घर शोधताना ही दोन नावे हमखास येतात, आणि निर्णय बहुधा शाळेला संकेतस्थळांवर मिळालेल्या दहापैकी गुणांवरून होतो. त्या गुणांत परीक्षांच्या निकालांचा वाटा मोठा असतो आणि निकाल पालकांच्या शिक्षणाशी व उत्पन्नाशी जोडलेले असतात. म्हणून माझ्या मते आधी मुलाचे वय पाहावे.

मूल तीन-चार वर्षांचे असेल, तर जर्सी सिटीचे पारडे जड आहे. ‘ॲबट विरुद्ध बर्क’ खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली दिलेल्या आदेशामुळे ठरावीक शहरी डिस्ट्रिक्टना (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांना) या वयाच्या मुलांना मोफत पूर्वप्राथमिक शिक्षण द्यावे लागते, आणि जर्सी सिटी त्यांपैकी एक असल्याने डेकेअरचा जड खर्च बराच हलका होतो. पुढच्या इयत्तांत मात्र तेथील शाळाशाळांत मोठा फरक आहे. मॅकनेअर ॲकॅडेमिक हे हायस्कूल उत्कृष्ट आहे खरे, पण तेथे निवड होऊनच प्रवेश मिळतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर घर घेऊ नये.

एडिसनमध्ये एडिसन हाय आणि जे. पी. स्टीव्हन्स अशी दोन सरकारी हायस्कूल असून मूल कोणत्या शाळेत जाणार हे पत्त्यावरून ठरते; एजंटच्या शब्दावर न विसंबता नेमका पत्ता देऊन डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी. अशा नावाजलेल्या शाळांतील स्पर्धेचा ताणही विचारात घ्यायला हवा. जवळच्याच वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टने 2015 साली विद्यार्थ्यांवरील ताण पाहून हायस्कूलमधील सहामाही आणि अंतिम परीक्षा बंद केल्या होत्या, आणि त्या निर्णयावरून तेथील पालकांत उघड फूट पडली होती.

सुरक्षिततेच्या बाबतीत गुन्ह्यांच्या एकूण आकड्यावर जाऊ नये. हिंसक गुन्हे आणि चोऱ्या वेगळ्या काढून लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिल्यास एडिसन अधिक शांत ठरते. परंतु जर्सी सिटीत एका गल्लीची स्थिती दुसरीहून इतकी निराळी असते की शहराच्या सरासरीवरून घराची गल्ली कशी आहे हे कळत नाही. तेथील जर्नल स्क्वेअर भागात न्यूयॉर्कला जाणारी पाथ रेल्वे रात्रभर मिळते, रस्त्यावर माणसांची जाग असते आणि मोटारीवाचून निभते. एडिसनमध्ये मोटारीवाचून चालत नाही, आणि रूट 1 किंवा रूट 27 या मोठ्या रस्त्यांलगत घर असेल, तर लहान मुलाच्या दृष्टीने वाहतूक हाच मोठा धोका आहे, जो गुन्ह्यांच्या तक्त्यात कधीच दिसत नाही.

मूल शाळेत जाण्याआधीच्या वयाचे असेल, तर जर्सी सिटीत भाड्याने राहावे. दहाच्या पुढे असेल, तर एडिसनमध्ये राहणे मला योग्य वाटते. करार करण्यापूर्वी त्या गल्लीत एकदा शाळा सुटण्याच्या वेळी आणि एकदा रात्री दहानंतर स्टेशनपासून घरापर्यंत चालून पाहावे.