आठ महिने, एकच सेट: बेसवरच्या कोटेड तारांचा अनुभव

माझ्या हाताला घाम फार. शाळेत पेपर लिहिताना मनगटाखाली हातरुमाल ठेवावा लागायचा, नाहीतर शाई पसरायची. बेस गिटार हातात घेतल्यावर हा घाम खिशाला जड जाऊ लागला. साधा निकेलचा राउंडवाउंड सेट माझ्याकडे पहिला आठवडा खणखणीत वाजतो, महिनाभर चालतो आणि पावसाळा असेल तर पाचव्या-सहाव्या आठवड्यात बद्द होतो. बद्द म्हणजे तडा गेलेल्या माठावर टिचकी मारल्यासारखा.

गेल्या मे महिन्याच्या शेवटी, वळवाची पहिली सर येऊन गेल्यावर, कोटेड, म्हणजे पातळ लेप दिलेल्या तारांचा, सेट लावला. आता जानेवारी संपत आला, तोच सेट गिटारवर आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की सगळं बोलणं नावावर जातं, तारेवर राहत नाही.

मी कोथरूडला राहतो, नोकरी हिंजवडीत, आणि शनिवार-रविवार एका मराठी वाद्यवृंदात वाजवतो. महिन्याला तीन-चार कार्यक्रम, बुधवारी तालीम, रोज रात्री हेडफोन लावून अर्धा तास. चार तारांचा बेस, चौतीस इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), गेज म्हणजे तारांची जाडी ४५ ते १०५ (इंचाच्या हजाराव्या भागांत). बोटांनी वाजवतो, पिक (तार छेडायची छोटी चकती) नाही, स्लॅप (अंगठ्यानं तार ठोकणं) क्वचित. हे सांगायचं कारण असं की पिकवाल्याचा अनुभव याहून वेगळा येईल.

तार तुटत नाही, तरी मरते कशी? राउंडवाउंड तारेत मधल्या गाभ्यावर बारीक गोल तार गुंडाळलेली असते आणि प्रत्येक वेढ्यामध्ये एक खाच असते. त्या खाचांत घाम, कातडीचा चुरा, धूळ जाऊन बसते. पुढे ओलाव्यानं धातूही खराब होऊ लागतो. मळ बसला की आधी वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर वाजणारे बारीक वरचे स्वर, मरतात. खालच्या मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा. तो छोट्या स्पीकरमधून नीट बाहेरच पडत नाही. लोकांच्या कानाला बेस ओळखू येतो तो बराचसा त्या उपस्वरांमुळे. म्हणून जुन्या तारांवर आवाज कितीही वाढवा, गाण्यात बेस हरवल्यासारखाच वाटतो. शिवाय मळ सगळीकडे सारखा बसत नाही, त्यामुळे मोकळी तार सुरात आणि बाराव्या पडद्यावर (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्टीवर) तीच तार बेसूर, असा घोळ होतो. बारावा पडदा दाबून ट्यूनरची सुई बघा, तारा बदलायची वेळ झाली की नाही ते लगेच कळतं.

कॉलेजात फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमींच्या दिवसांत यावर एकच उपाय माहीत होता, तारा उकळायच्या. आईच्या चहाच्या पातेल्यात मी एकदा अख्खा सेट दहा मिनिटं उकळला. पाणी राखाडी झालं, तारा चार दिवस पुन्हा बोलू लागल्या आणि पातेलं कायमचं माझ्या नावावर झालं. "त्यात आता तुझ्या ताराच शिजव," आई म्हणाली. कोटेड तारा मात्र उकळायच्या नाहीत. कोटिंग शाबूत असेपर्यंत आत फारसा मळ गेलेलाच नसतो, मग उकळून काढायचं काय?

कोटिंग म्हणजे तारेवर पॉलिमरचा पातळ थर. काही तारांत तो गुंडाळून झालेल्या तारेवर वरून चढवतात, खाचाच झाकल्या जातात. काहींत गुंडाळायच्या तारेलाच आधी लेप देतात. पहिल्या प्रकारात एलिक्सर हे सर्वांत ओळखीचं नाव. त्या तारा गोर कंपनीच्या, म्हणजे गोर-टेक्सचे रेनकोट ज्यांच्या कापडापासून बनतात तेच लोक. सायकलच्या केबलला लेप देण्याच्या कामातून तिथल्या माणसांना गिटारच्या तारांची कल्पना सुचली. पुण्यात जूनमध्ये तारेला रेनकोट घालणं मला तरी पटलं.

पहिल्या दिवशी मात्र मी नाराज होतो. नव्या साध्या तारेची ती करकरीत झळाळी नाही. बोट सरकवताना खरखर कमी, आणि तार जरा निसरडी, मेण लावल्यासारखी. आमच्या कीबोर्डवाल्यानं तालमीत मान वर न करता विचारलं, "आज फ्लॅटवाउंड लावल्यास का रे?" (फ्लॅटवाउंड म्हणजे चपट्या पट्टीनं गुंडाळलेल्या, गुळगुळीत, दबक्या आवाजाच्या तारा.) आठवडाभर मीही मनातून हळहळत होतो, पैसे गेले म्हणून. मग जुलै आला. दरवर्षी जुलैत मी नवीन सेट शोधत असतो. या वेळी आवाज जूनमध्ये होता तसाच होता. साध्या तारेचा आवाज दर आठवड्याला थोडा उतरतो आणि आपण नकळत अ‍ॅम्पचा ट्रेबल वाढवत बसतो. या आठ महिन्यांत मी ट्रेबलच्या बटणाला जवळजवळ हात लावला नाही.

गणपतीत एक वेगळीच गंमत झाली. मांडवातली अर्थिंग तुम्हाला माहीतच आहे. अ‍ॅम्प लावल्या लावल्या गुंऽऽ सुरू. साध्या तारांवर बोट ठेवलं की ही गुणगुण बहुतेक वेळा कमी होते, कारण आपलं अंग आसपासच्या वायरिंगचा गोंगाट गोळा करत असतं आणि तारेतून, ब्रिजमधून (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात त्या धातूच्या पत्र्यातून) त्याला अर्थकडे जायला वाट मिळते. इथे बोट आणि धातू यांच्यामध्ये कोटिंग, आणि त्यातून वीज जात नाही. तारा धरल्या तरी गुणगुण चालूच. शेवटी उजव्या हाताचा तळवा ब्रिजच्या पत्र्याला टेकवून वाजवलं, तेव्हा ती थांबली. ही गोष्ट तारा घेताना दुकानात मला कोणी सांगितली नव्हती. खरं तर विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.

दिवाळी पहाटेला उलट सुख मिळालं. साडेपाचला उघड्या मैदानावर, हवेत गारठा, गिटारवर दव. कार्यक्रम संपल्यावर जुन्या पंचाच्या तुकड्यानं तारा पुसल्या तर तुकडा नुसता ओला झाला, काळा नाही. साध्या तारांवर हाच तुकडा काजळ पुसल्यासारखा होतो.

नोव्हेंबरनंतर कुरबुरी सुरू झाल्या. पिकअपच्या (तारेचं कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागाच्या) वर, जिथे माझी बोटं पडतात, तिथे ई आणि ए तारेवरचा थर उसवायला लागला. जवळून पाहिलं तर पांढरट तंतू दिसतात, जुन्या टॉवेलच्या काठासारखे. आवाजावर अजून फारसा परिणाम नाही, पण बोटाला ते लागतात. डाव्या हाताकडे मात्र वेगळं दिसतं. तिसऱ्या, पाचव्या पडद्यावर तारेला खालून चपटे चट्टे पडलेत. पडद्याचा धातू तार घासतोच, ते कोणत्याही कोटिंगनं थांबत नाही. म्हणून तुमच्या तारा घामानं मरतात की घासून, ते आधी बघा. घासून मरत असतील तर जादा पैसे वाया.

पैशांचं म्हणाल तर मला साधा सेट बावीसशेला पडायचा, हा अठ्ठेचाळीसशेला पडला. साधे लावले असते तर एवढ्या काळात निदान चार लागले असते. हिशोब माझ्या बाजूनं आहे, पण माझ्या घामट हातांमुळे. कोरड्या हाताचा माझा एक मित्र साधा सेट वर्षभर सहज वापरतो, त्याला मी हे कशाला सुचवू? आणि जुना, गोल, दबका आवाजच हवा असेल तर इकडे फिरकूच नका. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर बेस वाजवणाऱ्या जेम्स जेमरसननं जाड फ्लॅटवाउंड तारांवर अख्खी कारकीर्द काढली, आणि त्या तुटेपर्यंत तो सहसा बदलत नसे.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली, ती तुम्ही करू नका. बसवताना डी तार खुंटीत घालण्याआधीच, टोक सरळ असताना, पक्कडीनं कापली. वरचा वेढा गाभ्यावर सैल झाला आणि नवी कोरी तार पहिल्या मिनिटापासून बद्द. आधी काटकोनात वाकवायची, मग वाकवल्याच्या पुढे कापायची. सुटी तार कुठे मिळेना, तेव्हा जुन्या सेटमधली साधी डी लावून मी तीन आठवडे काढले. दर गाण्यात तो एकच स्वर परका वाटायचा.

पुढचा सेट याच जातीचा घेऊन ठेवलाय, मार्चमध्ये लावेन. तोवर ई तारेवरचे ते पांढरे तंतू नखानं ओढायचे नाहीत असं ठरवलं होतं. काल तालमीत ड्रमरचं सेटिंग चालू असताना ओढला एक. दोन सेंटिमीटर निघाला.